ओढ्याचं पाणी मोजून काय होतं? मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू खवचटपणे विचारलं होतंस, "दर महिन्याला पाणी मोजून तुम्ही करता काय? मोजल्यानं ओढा साफ होतो का?" फोनवर उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाही होत. पण न मोजता केलेली सफाई बरेचदा भलत्याच जागी होते. प्लास्टिक डोळ्यांना खुपतं म्हणून सगळे तेच उचलतात, फोटोही छान येतात. उचलायलाच हवं, आम्हीही उचलतो. पण मासे एकाएकी पटापट मरतात, ते बहुधा गुदमरून. सांडपाणी मिसळलं की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवत जातात, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गंमत म्हणजे ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो सांडपाणी पडतं तिथे नव्हे, तर प्रवाहाबरोबर बरंच खाली गेल्यावर. जिवाणूंनाही कामाला वेळ लागतोच की! स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून हे गणितात बसवलं. म्हणजे मासे मेलेत तिथेच चोर शोधत बसायचं नाही, वर चालत जायचं.

ऑक्सिजन मोजायला आता मीटर मिळतात. तरी मी विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची १८८८ सालची पद्धत हट्टाने चालू ठेवली आहे. बाटली अशी भरायची की बुचाखाली एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं (हे काम हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसानेच करायचं). त्यात थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं, रंग फिका पडला की स्टार्च घालायचा. पाणी गडद निळं होतं, आणि पुढे एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. थायोसल्फेट किती लागलं, त्यावरून ऑक्सिजन निघतो. मीटरवरचा आकडा पोरं वाचतात आणि विसरतात. हा थेंब ती विसरत नाहीत.

आकडा वाचायलाही अक्कल लागते. गोडं पाणी २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला जेमतेम साडेसात. शिवाय शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर वापरतं, त्यामुळे शेवाळाने माजलेला ओढा दुपारी ठणठणीत वाटतो आणि पहाटे धापा टाकत असतो. म्हणून जागा तीच, वेळ तीच. नवे लोक याच शिस्तीला कंटाळून गळतात. त्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही.

तरी रसायनं फक्त त्या घडीचं सांगतात. रात्री कोणी काही सोडून दिलं आणि ते वाहून गेलं, तर सकाळची बाटली निर्दोष! तिथे किडे कामाला येतात. उथळ, खळाळत्या पाण्यातला दगड हलकेच उलटा करून बघ. मेफ्लाय या उडत्या किड्याची अळी दगडाला चपटी चिकटलेली असते, शेपटाला बहुधा तीन धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडणारे कल्ले. कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या काही अळ्या वाळूचे कण रेशमाने जोडून अंगाभोवती नळी बांधतात. हे जीव महिनोन्‌महिने तिथेच राहतात आणि यातल्या बहुतेकांना घाण सोसत नाही. ते नाहीसे होऊन गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर समजायचं. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा; त्याच्या जोरावर त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात.

आता तुझा "पुढे काय?" एका वळणाच्या खाली पाण्याची विद्युतवाहकता दर वेळी चढलेली यायची (पाण्यात विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते, आणि सांडपाण्यात क्षार असतातच). टप्प्याटप्प्याने वर सरकत गेलो, तर पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाला घरांचं मैलापाणी जोडलेलं! कोरड्या दिवसांतही तो पाइप वाहत होता. आमचं पहिलं तक्रारपत्र एका टेबलावर पडून राहिलं. सलग महिन्यांचे आकडे नकाशावर मांडून दिले, तेव्हा माणूस बघायला आला. जोडणी तोडली गेली.

काठाचं काम मात्र वेगळंच, आणि निम्मं काम म्हणजे हात आवरणं. पाण्याकाठचं गवत कापायचं नाही, पडलेलं लाकूड शक्यतो उचलायचं नाही. मुळं माती धरतात, वाहून येणारा गाळ आणि खत काठावरच अडतं, झाडांच्या सावलीने पाणी थंड राहतं. यावर "किती गबाळा दिसतो काठ" असं ऐकावं लागतं. काँक्रीटची भिंत आणि फरशी घालून केलेलं सुशोभीकरण मला त्याहून कुरूप वाटतं, पण हे सभेत म्हणालो की माणसं दुखावतात.

तुझ्या घरामागच्या नाल्याचं काय? लगेच पाणी तपासायचं किट मागवू नकोस. एक जागा ठरव, वही घे आणि तारीख, वेळ, पाऊस, रंग, वास एवढंच लिहायला लाग. जोराच्या पावसानंतर पाण्यात उतरू नकोस, एकटा तर कधीच नको, आणि नंतर हात साबणाने धू. दोन-तीन महिन्यांची नोंद झाली की वही पाठव, मग बाटल्या घेऊन मीच येतो.

तुझाच,
ओढेवाला