मंत्रिमहोदय, तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, शाळेचं काय?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

काल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. विद्यार्थ्यांची माहिती पोर्टलवर विहित मुदतीत भरली नाही म्हणून. नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. शाळेत रेंज नसल्यामुळे ती मला संध्याकाळी घरी पोचल्यावर दिसली. खुलासाही ऑनलाइनच सादर करायचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. ग्रामपंचायत आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या भिंतीवरच्या पेटीत इंटरनेटचं फायबर कधीचं येऊन पडलंय. पेटीला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते ग्रामसेवकांनाही ठाऊक नाही, बॅटरी चोरीला गेली. उरलेल्या केबलचं वेटोळं बाहेर खांबाला बांधलंय, पोरं येता-जाता त्याला लोंबकळतात. मागे ठेकेदाराची माणसं आली, शाळेचे फोटो काढले, सही-शिक्का घेतला, ‘दिवाळीच्या सुट्टीत जोडून देतो’ म्हणाली. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. कागदोपत्री आमची शाळा जोडली गेली असावी, असा मला दाट संशय आहे.

या तारेचा इतिहास आपल्याला माहीत असेलच. २०११ साली केंद्र सरकारने गावोगावी फायबरने इंटरनेट पोचवायची ही योजना मंजूर केली, अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. नाव बदलायला खोदकाम लागत नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सहा लाख गावांना हजार दिवसांत फायबर देण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस २०२३च्या मे महिन्यात संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार कोटींवर रक्कम मंजूर झाली. आणि २०२५च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याचं जाहीर झालं. माध्यमिक! जिल्हा परिषदेच्या साठेक हजार शाळांपैकी बहुतेक पहिली ते पाचवी नाहीतर सातवी-आठवीपर्यंतच्या. म्हणजे ज्यांच्याकडून सगळी माहिती मागवता, त्याच शाळा घोषणेतून बाहेर.

मागणी फार मोठी नाही. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार पुढे शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रापर्यंत न्या. एकाच तंतूवर प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर लावून ३२ जोडण्या देता येतात, वीस किलोमीटरपर्यंत प्रकाश पोचतो. आम्हाला काही शे मीटर हवेत. प्रत्येक शाळेला वेगळं डोंगल, वेगळं रिचार्ज देण्यापेक्षा शाळांच्या एकेका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचं एक सामाईक जाळं करा, तेही रिंग पद्धतीने, म्हणजे पाइपलाइनवाल्याच्या जेसीबीने एका जागी तार तोडली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहील. तालुक्याला दुरुस्तीचा एक माणूस नेमा, त्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवा. आणि शाळेचं वीजबिल भरा. मीटर कापला की फायबर काय करणार?

तोवर आमचं चाललंय ते असं. रिचार्ज माझ्या पगारातून. रेंजसाठी पाझर तलावाच्या बांधावर जायचं, तेवढा वेळ चारही वर्ग सरांच्या एकट्याच्या गळ्यात. आधार जुळवायचं तर ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर, बाप ऊसतोडीला परजिल्ह्यात, मोबाइल बंद. ज्या मुलाचं आधार वैध नाही ते संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत. पोर रोज समोर बसतं, पाढे म्हणतं, खिचडी खातं, पण सरकारदरबारी ते नाही. पट कमी दिसला की पद जाणार. मग एका शिक्षकावर शाळा, आणि दोन वर्षांनी ‘गुणवत्ता घसरली’ म्हणून पुन्हा आमचंच प्रशिक्षण, तेही ऑनलाइन.

मला पगार शिकवण्याचा मिळतो अशी माझी समजूत होती. शाळेतले स्मार्ट टीव्ही लोकवर्गणीतून आले, त्यावर रुमाल घातलेला आहे. वर बसलेल्यांना आकडा हवा, फोटो हवा, लिंक हवी, सगळं ‘आज दुपारी चारपर्यंत’. तार विचारली की दूरसंचारवाले पंचायतीकडे बोट दाखवतात, पंचायत ठेकेदाराकडे, ठेकेदार म्हणतो बिल थकलंय. नोटीस मात्र बरोबर शिक्षकाचाच पत्ता शोधते. तिला कधी रेंजची अडचण येत नाही!

पुढच्या अधिवेशनात कोणी आमदार यावर प्रश्न विचारतील आणि ‘हे अंशतः खरे आहे’ असं छापील उत्तर येईल. त्या उत्तरासोबत जोडलेल्या शाळांची गाववार यादी द्या. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कुठे खरंच नेटचा दिवा लागतोय, ते गावकरी बघून सांगतील.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका

(नाव देत नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे १९६७चे वर्तणूक नियम मला पाठ आहेत.)