सर्व सभासदांसाठी सूचना : लॉटरी लागल्याचे खोटे फोन
मंडळी, ते "अभिनंदन, तुमच्या नंबरला लॉटरी लागली" वाले फोन कोणालाही येऊ शकतात, तर कृपया हे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. तिकीटच काढलं नाही तर लॉटरी लागेल कुठून?

यांची पद्धत ठरलेली असते, आधी मोठी रक्कम सांगतात, मग म्हणतात फक्त प्रोसेसिंग फी भरा, ती भरली की टॅक्स, टॅक्स भरला की इन्शुरन्स, आणि माणूस आधी गेलेले पैसे निघावेत म्हणून पुढचे भरत जातो, खरा घात इथेच होतो. फोनवरून कोणाच्या तरी खात्यात पैसे टाकायला लावून खरं बक्षीस कोणी देत नाही. "आजच शेवटचा दिवस", "घरी सांगू नका" असं म्हणाले की सरळ फोन ठेवा, समोरच्याला काय वाटेल याचा विचार नको. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं तरी भरवसा ठेवू नका, ते खोटं दाखवता येतं. ओटीपी, पिन द्यायचा नाहीच, आणि ते सांगतील ते स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप तर अजिबात टाकायचं नाही कारण मग तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांना तिकडे बसून दिसतो.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच कार्डमागच्या नंबरवर बँकेला फोन करा, मग पोलिसात तक्रार द्या, मेसेज आणि कॉल लिस्ट डिलीट करू नका. नंतर "पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल" असा फोन आला तर तीही फसवणूकच समजा.