कल्याण केंद्राचे कुलूप दुपारी तरी उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमची वस्ती झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत गेली आणि सहा वर्षांपूर्वी आम्ही लोअर परळमधल्याच एका 22 मजली इमारतीत राहायला आलो. तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसला लागून एक खोली आहे. दारावर ‘कल्याण केंद्र’ अशी पाटी आणि कडीला कुलूप. आत गणपतीचे मखर, मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी लग्नातली मोठी पातेली. वार्षिक सभा आणि सत्यनारायण सोडला तर ती खोली उघडलेली मी फारशी पाहिलेली नाही. त्या खोलीसाठीच हे पत्र.

नव्या घराबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगते. गुडघे धरलेल्या सासूबाईंना रात्री-अपरात्री सार्वजनिक संडासापर्यंत हाताला धरून नेणारी मीच होते. घरात संडास असणे म्हणजे काय, ते मला चांगले ठाऊक आहे. पण 269 चौरस फुटांत सहा माणसे राहतात. मुलगा रात्रपाळी करून आलेला असतो, त्याला दुपारी झोप हवी. नातवंडांचा अभ्यास, सुनेचे शिवणाचे मशीन, टीव्ही. अशा घरात म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला कॉटचा एक कोपरा येतो. वस्तीत दार उघडले की गल्ली होती. पायरीवर बसून तांदूळ निवडता निवडता चार जणींशी बोलणे व्हायचे. इथे दार उघडले की पॅसेज, आणि समोर आणखी सात बंद दारे. दोनपैकी एक लिफ्ट बंद असली की पंधराव्या मजल्यावरची बाई दोन-दोन दिवस खाली उतरत नाही. आमच्या मजल्यावरच्या एक आजी दुपारभर पॅसेजमध्ये स्टूल टाकून लिफ्टच्या दाराकडे बघत बसतात. कोण आले, कोण गेले, तेवढाच त्यांचा दिवस.

आणि ही माणसे काही रिकाम्या हाताची नाहीत. गिरणगाव ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावे लागणार नाही. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी दशावतार, नमन-खेळे, शक्ती-तुरा या लोककला इथे आणल्या आणि पाळी संपल्यावर जागवल्या. घाटावरच्यांनी भजनी मंडळे चालवली. परळचे दामोदर नाट्यगृह 1922 पासून या मंडळींचे हक्काचे होते. पुनर्विकासासाठी ते 2023 मध्ये बंद झाले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या किती जणांना घरचे माणूस गेल्यासारखे झाले! 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला. कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापले जात, मालकही भर घालत, आणि त्यातून कल्याण केंद्रे, नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा चालत. म्हणजे कामगाराला पोटाबरोबर कलाही लागते, हे या राज्याने तेव्हाच मान्य केले होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, पगारपत्रक गेले, आणि त्या माणसाचा स्पर्धेतला नंबरही गेला. तो माणूस मात्र आमच्या नवव्या मजल्यावर आहे.

त्यांना सगळे बुवा म्हणतात. वय 78. विणकाम खात्यात होते आणि वस्तीतल्या भजनात पखवाज वाजवायचे. नव्या घरात आल्यावर महिन्याभरात भिंतीपलीकडून तक्रार आली, तेव्हापासून पखवाज कपड्यात गुंडाळून पलंगाखाली गेला. यंदा आषाढी एकादशीला बऱ्याच विनवण्या केल्यावर आम्हाला कल्याण केंद्राची चावी तीन तासांसाठी मिळाली. बुवांनी सकाळीच माझ्याकडून वाटीभर कणीक मागून नेली. खाली आल्यावर पाण्याचा हात लावून त्यांनी ती मळली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली आणि थाप मारून पाहिली. आवाज पोकळ आला. बोटाने चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप, पुन्हा थोडी लावली. असे दहा-बारा मिनिटे चालले होते. कुणी घाई केली नाही. मग तो घुमारा लागला आणि आजूबाजूच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी पाचवीतली दोन मुले बुवांच्या दारात उभी, ‘आजोबा, आम्हाला शिकवाल का?’ म्हणून. बुवा हो म्हणाले. पण शिकवायचे कुठे? खोलीला पुन्हा कुलूप लागले होते.

बायकांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या निदान दहा जणी आहेत. आता त्या का शिवत नाहीत, असे मी विचारले तेव्हा उत्तर अगदी साधे निघाले. गोधडी जमिनीवर पूर्ण अंथरावी लागते, चारी बाजूंनी ताणून बसावे लागते. पलंग, फ्रिज आणि कपाट ठेवल्यावर उरलेल्या जमिनीत तिचा अर्धा भागही मावत नाही. जुन्या नऊवारी गाठोड्यात तशाच पडल्या आहेत. कल्याण केंद्राच्या फरशीवर दोन गोधड्या एका वेळी मावतील. मी पावलांनी मोजून पाहिले आहे.

आमच्यासाठी काही होतच नाही असे नाही. वर्षातून एकदा आरोग्य शिबिर होते. रक्तदाब मोजतात, चष्मा वाटतात, फोटो काढतात. ते हवेच. पण म्हातारपण म्हणजे नुसता रक्तदाब नव्हे. अमेरिकेत डॉ. जीन कोहेन यांनी 2001 मध्ये याचा रीतसर अभ्यास सुरू केला. वॉशिंग्टनमधल्या वृद्धांचा एक गट, सरासरी वय 80, दर आठवड्याला व्यावसायिक संगीतकाराच्या हाताखाली समूहगान शिकू लागला. दुसरा तसाच गट नेहमीचे आयुष्य जगत होता. वर्षभरानंतर गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या, औषधे आणि पडण्याचे प्रसंग दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचाही कल याच बाजूला आहे. कोहेन यांच्या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे शिकवणारा खरा कलावंत होता आणि शेवटी लोकांपुढे कार्यक्रम करायचा होता. वेळ घालवायला टाळ्या वाजवणे आणि सहा महिने घोटून एक गौळण बसवणे यांत फरक आहे. 31 वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवल्यामुळे हा फरक मला मुलांमध्ये दिसला आहे. म्हाताऱ्यांमध्येही तो तसाच दिसेल, याची मला खात्री वाटते.

तिकडे कॅलिफोर्नियात बर्बँक येथे ज्येष्ठांसाठी बांधलेल्या इमारतीत काही घरे कमी भाड्याची ठेवून आतच रंगमंच आणि चित्रकलेचा स्टुडिओ दिला आहे. आपल्याला एवढेही मागायचे नाही. आपल्याकडे खोली आधीच बांधलेली आहे. पुनर्वसन इमारतींत बालवाडी, कल्याण केंद्र यांची जागा देणे विकास नियंत्रण नियमावलीतच आहे. त्या जागेचा गैरवापर झाला तर झोपु प्राधिकरण ती ताब्यात घेऊन सार्वजनिक उपयोगासाठी दुसऱ्या संस्थेला देऊ शकते, हेही त्याच नियमावलीत आहे. मग प्राधिकरणाने निदान एकदा फिरून पाहावे की किती कल्याण केंद्रांत कल्याण चालते आणि किती ठिकाणी बांबू ठेवले आहेत. आमच्या सोसायटीला मी दोष देत नाही. कमिटीतली पोरे नोकरी सांभाळून पाणी, लिफ्ट, थकबाकी यांत बुडालेली असतात. हे काम त्यांच्या एकट्याच्या माथी मारून होणार नाही.

शिकवणारे कोठून आणायचे, असे मला विचारले गेले. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना 5000 रुपये मानधन देते. त्यातले कितीतरी लोककलावंत मुंबईतच राहतात. त्यांना आठवड्याला दोन दुपारी जवळच्या कल्याण केंद्रात बोलवावे, त्याचे वेगळे मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च महापालिकेने द्यावा. ज्येष्ठ नागरिक संघांची ‘फेस्कॉम’ ही राज्यव्यापी संघटना 1980 पासून काम करते आहे. पण माझ्या पाहण्यातले संघ बहुतेक जुन्या मध्यमवर्गी वस्त्यांतले, पेन्शनवाल्यांचे. पुनर्वसन इमारतीतल्या घरकाम करून थकलेल्या बाईला तिथे वर्गणी भरून जाणे जमत नाही आणि बुजल्यासारखेही होते. संघांनीच आमच्याकडे यावे, अशी त्यांना विनंती आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. खोलीला लागून वापरता येईल असा संडास नसेल तर कोणतीही म्हातारी बाई तासाभरापेक्षा जास्त थांबणार नाही. आमच्याकडे तो आहे, पण त्यात सिमेंटच्या गोण्या आहेत. आणि खोली कुणा एका देवाची किंवा कॅरम खेळणाऱ्या पुरुषांची होता कामा नये. आमच्या चौथ्या मजल्यावरचे चाचा उमेदीच्या वयात जरीकाम करायचे, सुई अजून हातात धरतात. सातव्या मजल्यावरच्या आझमगडच्या अम्मांना बिरहा, म्हणजे तिकडची लोकगीते, पाठ आहेत. भजन होऊ दे, पण आठवड्यात त्यांचीही दुपार असू दे, आणि बायकांची तर ठरलेलीच हवी.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत माणसे गेली, याचा आनंद आम्हा सर्वांना झाला. पण चाळीची गॅलरी मागे राहिली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील पुढच्या इमारती अजून उभ्या राहायच्या आहेत. तिथल्या सामाईक खोल्या कुणाच्या हातात राहणार, किती वाजता उघडणार, हे घरांचा ताबा देतानाच लेखी ठरवून घेता येईल. आमच्यासारखी सहा वर्षे त्यांची जाऊ नयेत.

आम्ही कमिटीकडे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी 3 ते 5 चावी मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. त्यावर 34 सह्या आणि सात अंगठे आहेत. बांबू आणि मखर हलवायला नातवंडे तयार आहेत. कार्तिकी एकादशीच्या आत उत्तर मिळाले तर बुवा त्या दोन मुलांना घेऊन बसणार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लोअर परळ, मुंबई