आसरा पुलावर गाडी ढकलणाऱ्यांनो, लई आभार

ज्या दोन पोरांनी परवा दुपारी आसरा पुलाच्या चढावर माझी बंद पडलेली टू-स्ट्रोक न सांगता मागनं ढकलत पार पलीकडं नेली त्यांना मनापासून थँक्यू, सोलापूरचं मे मधलं ऊन, ४२-४३ ला टेकलेलं, स्वतःची गाडी ढकलताना जीव जातो अन् ह्यांनी परक्याची ढकलली! एकजण म्हणला, "काका, विका की आता ही." तेवढं सोडून बाकी सगळं मान्य.

अन् पुढचे पंक्चरवाले चाचा. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑईल मिसळावं लागतं, ते जळून प्लगच्या टोकावर काळाकुट्ट थर बसलेला, ठिणगी पडणार कुठनं. चाचांनी प्लग खोलला, पॉलिश पेपरनं घासला, गॅप नुसत्या डोळ्यानं बघून बसवला, दुसऱ्या किकला धूर सोडत चालू! पैसे घेईनात, उलट माठातलं गार पाणी पाजलं.

रोज ऑफिसात लेट मार्क खातो हिच्यापायी, घरात पण बोलणी (बायको तिला सवत म्हणते), पण वडिलांची गाडी हाय, विकवत नाही. नावं विचारायची राहिली राव. चाचा, ह्या आठवड्यात भजी घेऊन येतोच दुकानावर, गाडीनं साथ दिली तर.