फाटकाबाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात नालेसफाईच्या बातम्या येऊ लागतात. पोकलेनने गाळ काढला, पावसाळी गटारांच्या जाळ्या उघडल्या, इतके टक्के काम झाले, इतके राहिले. ते व्हायलाच हवे. पण नाल्यात येणारे पाणी निघते कुठून, यावर थोडे लिहितो, कारण त्यातले काही माझ्याच गच्चीवरून निघते.

मी पुण्यात सहकारनगरमध्ये, तळजाई टेकडीच्या उतारावर राहतो. आमची जुनी तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि गेल्या वर्षी आम्ही अकरा मजल्यांच्या इमारतीत परत आलो. त्या सगळ्या काळात सोसायटीचा सचिव मीच होतो, तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यातला दोष माझ्याही पदरात घाला. जादा कार्पेट क्षेत्र किती टक्के, विकसकाने द्यायचा कॉर्पस निधी किती, भाडे किती महिन्यांचे, कोणाला कोणते पार्किंग, यावर आम्ही मध्यरात्रीपर्यंत भांडलो. ओट्याच्या ग्रॅनाइटच्या रंगावर एक आख्खी सभा गेली. पावसाचे पाणी कुठे जाणार, हे मात्र एकाही सभासदाने विचारले नाही. मीही नाही.

विचारले ते शेजारच्या बंगल्यातल्या आजींनी. नव्या इमारतीतला आमचा पहिलाच पावसाळा होता. सकाळी सकाळी फाटकाशी येऊन म्हणाल्या, “अहो, तुमची बिल्डिंग झाल्यापासून माझ्या न्हाणीघरात पाणी उलटं वर येतंय. इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.” जाऊन पाहिले. आमचा प्लॉट भराव घालून त्यांच्या अंगणापेक्षा दोन फूट उंच झाला होता. पूर्वी चारी बाजूंना माती होती, पेरू-आंब्याची झाडे होती. तिथे आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हिंग ब्लॉक. आणि गच्चीवरून उतरणारे पाइप चक्क मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेले! पावसाळी गटार लांब होते, ड्रेनेजचे चेंबर जवळ होते, एवढेच कारण. विकसकाच्या माणसाने “बघून घेतो” म्हटले. अखेर ते काम आम्ही वर्गणी काढून केले.

आता कोणी म्हणेल, नियम आहेत की. आहेत. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे बांधकाम वा पुनर्बांधणी करायची तर पर्जन्यजल संधारणाची सोय करावी लागते. आमच्याकडेही ती आहे. मागच्या कोपऱ्यात एक खड्डा, त्यात विटांचे तुकडे आणि खडी, वर लोखंडी जाळी. मंजूर नकाशात तो निळ्या रंगात सुरेख दिसतो.

पण इमारतीची खोदाई चालू असताना मी रोज तिथे उभा असायचो. वरची तीन-चार फूट माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण. तो फोडायला ब्रेकर कित्येक आठवडे धडधडत होता, अख्ख्या गल्लीची झोप उडाली होती. अशा कातळात पाणी मुरते ते फटींतून, आपल्या सवडीने. हळूहळू पडणाऱ्या श्रावणसरींना ती सवड असते. तासाभरात झोडपून जाणाऱ्या पावसाला नसते. खड्डा काही मिनिटांत तुडुंब भरतो आणि पाणी रॅम्पवरून रस्त्यावर येते. म्हणजे नियमाने खड्डा मोजला, पण ऐन पावसात फाटकाबाहेर किती पाणी पडते ते मोजलेच नाही. पुणेकरांचे हाल होतात ते नेमके त्या पाण्याने.

हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. वीस गुंठ्यांचा, म्हणजे साधारण २००० चौरस मीटरचा प्लॉट धरा. तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर ८०,००० लिटर पाणी पडते. निम्मा प्लॉट मातीचा असताना त्यातले साधारण निम्मे बाहेर जायचे असे समजू. सगळीकडे स्लॅब आणि ब्लॉक झाल्यावर ९० टक्के, म्हणजे ७२,००० लिटर जाते. फरक ३०,००० लिटरच्या वर. उन्हाळ्यात आपण दहा हजार लिटरचे टँकर विकत घेतो ना, तसे तीन टँकर, एका तासात, एकाच प्लॉटमधून जास्तीचे. आमच्या गल्लीत असे किती प्लॉट पालटले ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. खालचे गटार मात्र तेच.

हे पाणी तासभर अडवून ठेवायला जागा किती लागते? पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी: ३०,००० लिटर. दोन मोटारींच्या पार्किंगखाली सहज मावेल. तळाशी बारीक तोंडाचा पाइप ठेवायचा, म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत पाणी सावकाश गटारात जाते आणि टाकी पुढच्या सरीसाठी रिकामी होते. ही साठवणुकीची टाकी नव्हे, हे आमच्या सभासदांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. “एवढा खर्च करून रिकामीच ठेवायची?” हो, रिकामीच ठेवायची.

सिंगापूरने हे जानेवारी २०१४ पासून सक्तीचे केले आहे. तिथे ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर नवे बांधकाम असो वा पुनर्विकास, प्लॉटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर मर्यादा आहे. ०.२ हेक्टर म्हणजे आपले तेच वीस गुंठे. कसे अडवायचे ते मालकाने ठरवावे, टाकी करा नाहीतर बाग करा. आपल्या नियमावलीत असे एक वाक्य हवे: पुनर्विकासानंतर ऐन पावसात प्लॉटबाहेर जाणारे पाणी आधीपेक्षा वाढता कामा नये. त्याचे गणित नकाशासोबत जोडा, आणि भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, देण्याआधी तपासा. तपासणीला यंत्र लागत नाही. गच्चीवर टँकरभर पाणी सोडा आणि ते कुठून बाहेर येते ते बघत उभे राहा. आमच्या पाइपांची लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली असती.

५०० चौरस मीटरच्या अटीचेही बघावे. जुन्या बंगल्यांचे कितीतरी प्लॉट पाच गुंठ्यांच्या आतले आहेत आणि आज ते एकामागून एक पाडले जात आहेत. प्रत्येक सुटतो, आणि त्या सुटलेल्यांचे पाणी एकाच चौकात भेटते. दंडाचे म्हणाल तर संधारणाची सोय केली नाही किंवा नीट राखली नाही, तर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला जास्तीत जास्त १००० रुपये. ५००० चौरस मीटर बांधकाम आणि ५० सदनिका असतील तर घरटी महिन्याला ८३ रुपये. आमचा केबलवाला याहून जास्त घेतो.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घुसलेले पाणी खडकवासला धरणातून सोडलेले होते, तो विषय वेगळा. त्याचे खापर मी पेव्हिंग ब्लॉकवर फोडत नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. आंबिल ओढ्याला लोंढा आला, अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. ओढा आक्रसला होता, पाऊस अचाट होता, हे खरेच. तरी आमच्या टेकडीच्या उतारावरचे पाणी त्याच ओढ्याला मिळते, आणि दर पुनर्विकासागणिक ते अधिक लवकर मिळते. पेशवाईत हा ओढा वळवला गेला तेव्हा त्याला निदान नवे पात्र तरी करून दिले होते. आपण पाणी वाढवतो आणि पात्रात भिंती बांधतो.

खर्च वाढेल, अशी ओरड होईल. अकरा मजल्यांच्या इमारतीत २० चौरस मीटरची एक टाकी विकसकाला जड जाणार नाही. जड जाते ती दोन पार्किंगची जागा, आणि त्यावर ओरडणारे आम्ही सभासदच असतो.

आमच्या गल्लीत आणखी चार सोसायट्यांचे करार झाले आहेत. दोन ठिकाणी घरे रिकामी होऊ लागली आहेत. बाकी दोघांचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत, आणि त्यातली एक सोसायटी त्याच आजींच्या बंगल्याच्या दुसऱ्या अंगाला आहे.

आपला,
एका सोसायटीचा माजी सचिव,
सहकारनगर, पुणे