कोणत्या गाठीचं भाकीत, तेही छापा

संपादक महोदय,

लाळग्रंथींच्या कर्करोगात रुग्णाचं पुढे काय होणार हे काही प्रथिनांवरून कळू शकतं, अशी बातमी आपल्या आरोग्य पानावर वाचली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, या गाठींच्या काचपट्ट्या पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची, हेच बातमीत नव्हतं.

या कर्करोगाचे २० हून अधिक प्रकार आहेत. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा सावकाश वाढतो, नसांच्या कडेकडेने पसरतो आणि कधी १० वर्षांनंतरही फुप्फुसात सापडतो. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा सुरुवातीपासूनच आक्रमक. केआय-६७ हे प्रथिन विभाजन चालू असलेल्या पेशींत दिसतं; ते जास्त असेल तर गाठ वेगाने वाढते आहे, इतपत खरं. पण प्रकार, टप्पा, शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगाच्या पेशींपासून मोकळ्या निघाल्या की नाही, हे न पाहता नुसता तो आकडा वाचला तर घरात हाहाकार उडतो, नाहीतर खोटा धीर मिळतो. दोन्ही मी पाहिलं आहे.

हा आजार दुर्मीळ. त्यामुळे बरेचसे अभ्यास मोजक्या रुग्णांवर आणि जुन्या साठवलेल्या नमुन्यांवर होतात. ज्या रुग्णांवरून 'जास्त' आणि 'कमी' यांची सीमारेषा आखली, त्यांच्यावरच ती पडताळली तर ती बरोबरच ठरणार! दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांमध्ये ती टिकली का, हे बातमीत यायलाच हवं. रुग्ण किती होते, तेही.

शिवाय काही प्रथिनं भाकितापुरती नसतात, ती उपचाराची वाट दाखवतात. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात एचईआर-२ हे पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन वाढलेलं असेल तर त्यालाच लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा विचार होतो. ॲन्ड्रोजन रिसेप्टर, म्हणजे पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणारं प्रथिन, असेल तर प्रोस्टेटच्या कर्करोगात देतात तशा हार्मोनविरोधी उपचाराचा. रुग्णाच्या दृष्टीने मला हे किती वर्षं जगणार या अंदाजापेक्षा मोलाचं वाटतं. आजार पसरलेला किंवा उलटलेला असेल तर नातेवाइकांनी डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल जरूर विचारावं, आणि काढलेल्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला तुकडा, कुठे ठेवला आहे याची चौकशी करावी. बहुतेक वेळा त्याच ब्लॉकवर या तपासण्या होऊ शकतात, पुन्हा बायोप्सी लागत नाही.

– एक पॅथॉलॉजिस्ट