माया सोडून कापा

बसमधल्या शिवणाच्या ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे माणदेशी फाउंडेशनमध्ये तुमच्यासारख्या बऱ्याच ताई आहेत. हे आपल्यालाच लिहिलंय असं त्या प्रत्येकीला वाटलं तरी चालेल.

मी कोण ते आठवतंय का बघा. पहिल्या दिवशी बसच्या पायरीशी चप्पल काढून उभी राहिले होते, ती मी. तुम्ही आतून ओरडलात, "चप्पल घालूनच या, शाळा आहे ही, देऊळ नाही!" बाया हसल्या. मला मात्र हायसं वाटलं, कारण परत जायचं माझ्या मनात आलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००६ साली माणदेशी फाउंडेशनची बायकांसाठी उद्योगाची शाळा निघाली, आणि पुढं त्या शाळेला चाकं लागली. बसमध्ये शिलाई मशीन, फळा, बसायला बाकडी. ती गावात येऊन थांबते आणि बायका शिकतात. एवढंच. पण हे "एवढंच" आमच्याकडं किती मोठं, ते माण तालुक्यात सून म्हणून नांदल्याशिवाय कळायचं नाही.

त्याआधी एकदा मी तालुक्याच्या गावी शिवणाच्या एका वर्गाला नाव घातलं होतं. वर्ग सकाळी दहाला. आमची एसटी सातला निघणार आणि परतीची संध्याकाळी सहाला. धारा कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, शेरडं कोण सोडणार? आठ दिवस गेले, मग जमेना. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढं "गैरहजर" लागलं, आणि घरात "हिला काय शिकायचंय" हे कायमचं लागलं.

तुम्ही आलात आणि आमचं शिक्षण किती ते विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "किती वाजता मोकळ्या होता?" कुणी बारा सांगितलं, कुणी दोन. मग साडेबारा ते तीन ठरलं, वर "पाण्याचा टँकर आला तर अर्धा तास सुट्टी". टँकरची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकात असते हे मी तेव्हाच पाहिलं.

पहिले काही दिवस तुम्ही कापडाला हात लावू दिला नाही. रद्दीच्या पेपरावर ब्लाउज कापायचा. छाती, कंबर, मुंढा, गळा, सगळं कागदावर. मी घरी जाऊन सासऱ्यांनी वाचायच्या आधीच पेपर कापला, त्यावरून झालेलं भांडण आता सांगत नाही. पहिला खरा ब्लाउज शिवला तो जावेचा. मापाला मापच कापलं, कापड वाया जाऊ नये म्हणून. अंगात घातला तर काखेत करकचून बसला. तुम्ही तो उलटा केलात, शिवणीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "माया कुठाय? कडेला इंचभर माया सोडली असती तर उसवून सैल केला असता. आता काय करशील?" शिवणकामात त्या जादा सोडलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मला माहीत होतं. ती कुणासाठी सोडायची ते त्या दिवशी कळलं. जावेनं तो ब्लाउज तसाच दोन वर्षं घातला, मला बोलली नाही. तिचेही आभार, लगेहात.

मशीनसाठी कर्ज काढायला मी आधी दुसऱ्याच एका बँकेत गेले होते. नवऱ्याची सही आणा, जामीनदार आणा. आमचे हे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला कोइमतूरला, दिवाळीला आणि जत्रेला येणार. सहीसाठी मशीन सहा महिने थांबवायचं का? तुम्हीच मला माणदेशी महिला बँकेच्या दारात नेऊन सोडलंत, आणि वाटेत ती गोष्ट सांगितलीत. फाउंडेशन उभं करणाऱ्या चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला. अर्जावर बायकांचे अंगठे होते म्हणून. मग बाया अक्षरं गिरवायला बसल्या. पुन्हा मुंबईला गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ साली बँक उभी राहिली.

मला त्यातलं पुढचं जास्त आवडतं. बँकेनं बायकांना कार्ड द्यायचं ठरवलं, पिन नंबरासकट. बाया म्हणाल्या, नंबर कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? अंगठ्यावरच ठेवा. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, त्याच अंगठ्यावर बाया अडून बसल्या. मला सही येते, पण ही गोष्ट ऐकल्यापासून अंगठा उठवणाऱ्या बाईकडं मी वेगळ्या नजरेनं बघते.

सासूबाईंनी सांगितलंय म्हणून त्यांचंही घालते. २०१२ च्या दुष्काळात वैरण संपली. दारात जनावरं हंबरत होती, बाजारात कुणी भाव करेना. म्हसवडला फाउंडेशनची छावणी लागली तेव्हा सासूबाई गाई घेऊन तिथंच राहायला गेल्या. पाण्याला, चाऱ्याला रांगा, रात्री पालात गाणी. "दीड वरीस माहेराला गेल्यागत काढलं," म्हणतात. मला वाटतं त्यात थोडं मीठमसाला आहे, पण गाई वाचल्या हे खरं. आज माझ्या चहातलं दूध त्यांच्याच वंशाचं.

आणि थोरलीची सायकल. सातवीनंतर शाळा पाच किलोमीटर, वाटेत ओढा आणि बाभळी. सासरे म्हणत होते, बास झालं. फाउंडेशनकडून सायकल मिळाली आणि त्यांचं म्हणणं आपोआप मागं पडलं, कारण सायकल दारात नुसती उभी राहणं त्यांनाच बघवेना. आता ती सकाळी लवकर निघते आणि शाळेच्या मैदानावर पळते. ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची, २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकात अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला पळाली. आमचीला वाटतं, मोही काही लांब नाही. मी तिचं मन मोडत नाही. फक्त ट्रॅकपँटची शिलाई दर महिन्याला उसवते, ती मलाच मारावी लागते.

दुकान म्हणावं असं माझं काही नाही. पडवीत मशीन, वर एक बल्ब, खिळ्याला टांगलेले ब्लाउज. लग्नसराईत रात्री बारापर्यंत चालतं, आषाढात माशा मारते. दोन पोरी शिकायला येतात. त्यांनाही आधी पेपरच कापायला देते. वेळ त्यांना विचारून ठरवलीय.

ताई, वर्ग संपला तेव्हा तुम्ही मला तुमचा एक ब्लाउजपीस शिवायला दिला होता, शेवाळी रंगाचा. पूर्ण मजुरी दिलीत, घातलातही. उजवी बाही अर्धा बोट वर चढली होती, मला दिसत होतं. तुम्हालाही दिसली असणार. ती मनात राहिलीय. म्हणून आता नवा शिवलाय, अस्तर लावून. बस इकडं वळली की घेऊन जा, मजुरी काढायची नाही. माप जुनंच धरलंय. बदललं असलं तरी काळजी नको, दोन्ही बाजूंनी भरपूर माया सोडलीय.

तुमची,
पायरीवरची